पाच ट्रॉल्या पीडा

माणसांना मी सहज माफ करतो. ज्याने माझ्या शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ रातोरात तोडून नेली, त्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीला वाढायला उभा होतो. ज्याने मला एका डोळ्याने आंधळा बैल विकला, त्याच्याकडे मी आजही चहा पितो. फक्त साखर दोनदा मागून घेतो. पण एका झाडाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. बायकोला मी सांगून ठेवलंय, मी मेलो की माझी राख आपल्या तळ्यात सोडू नको. त्या राखेवर ती हरामखोर आणखी दोन पानं काढेल.

जलपर्णी म्हणतात तिला. पाण्यावर तरंगते, देठाला फुगा असतो, वर जांभळं फूल येतं. खाली काळ्या मुळांची दाढी. दिसायला इतकी देखणी की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिला नमस्कार केला होता. त्या नमस्काराचा मला अजून राग येतो.

आमचं तळं मोठं नाही. वाशिम जिल्ह्याच्या नकाशावर शोधायला गेलात तर कागदावर माशी बसली असं वाटेल. मेडशीच्या बाजाराला जाताना डाव्या हाताला मातीचा बांध दिसतो, त्याच्या पोटात ते आहे. वरून एक नाला येऊन मिळतो, आणि पावसाळ्यात जास्तीचं पाणी दुसऱ्या टोकाच्या सांडव्यावरून, म्हणजे दगडी उंबऱ्यावरून, खाली निघून जातं. या तळ्याचा खरा मालक कोण, हे तलाठ्याच्या कागदात काहीही लिहिलेलं असो, आम्ही सगळे जाणून होतो. आमची म्हैस.

ही म्हैस माझ्या सासरची. बायको पहिल्या बाळंतपणानंतर माहेराहून परत आली तेव्हा कडेवर मुलगी होती आणि मागे दोरीला एक वगार. मोठ्या साल्याने बहिणीला दिलेली. त्या वगारीची ही लेक, आमच्याच गोठ्यात जन्मलेली. तिच्या दुधाचं मी जास्त सांगत नाही, लोकांना खोटं वाटतं. एवढंच सांगतो की त्या दुधाच्या चहात चमचा उभा केला तर कप धुवायच्या वेळेपर्यंत तो उभाच असायचा. आणि ती तळ्यात उतरली की पलीकडच्या काठाचे कपडे धुवायचे दगड बुडायचे. बायांचा आरडाओरडा व्हायचा, "उतरली वं माय ती!" आणि लुगडी उचलून सगळ्या मागे सरायच्या.

दुपारी दावं सोडलं की ती एकटीच जायची. तळ्याच्या मध्यावर एका जुन्या बाभळीचं खोड पाण्याबाहेर डोकावतं, त्याच्या बाजूला बसायची. वर दोन शिंगं, दोन नाकपुड्या आणि एक बगळा. संध्याकाळी मी काठावरून हाळी दिली की यायची. पुष्कळदा मीच पोहत जायचो आणि येताना तिचं शेपूट धरायचो. एकदा तर मी तिच्या पाठीवर उभा राहून, वर्तमानपत्रातलं ताजं राशिभविष्य वाचत अख्खं तळं पार केलं होतं. यात ताजं राशिभविष्य ही गोष्ट खोटी आहे. वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं होतं.

पण एक गोष्ट थट्टेची नाही. म्हशीचं कातडं काळं आणि घाम नावाला. वैशाखात तिला बुडायला पाणी मिळालं नाही तर ती आधी धापा टाकते, मग दूध चोरते, मग माजावर येत नाही. आणि जी म्हैस गाभण राहत नाही तिला गोठ्यात फार दिवस कोणी ठेवत नाही.

असो. एका पोळ्यानंतर, भादव्यात, नाल्याच्या तोंडाशी पहिला झुपका आला. त्याला एकच फूल. मी गुडघाभर पाण्यात शिरून ते खुडलं आणि महादेवाच्या पिंडीवर वाहिलं. पुजारी म्हणाला, "बापा, कोनतं फूल आनलं हो! शंकरबी खूश झाला." बायकोला इतकं आवडलं की तिने एक झाड आणून दाराशी बादलीत लावलं. पंधरा दिवसांनी बादलीची कडी दिसेना. महिन्याने बादली दिसेना. ती बादली आम्ही नंतर वासावरून शोधली.

तळ्याचंही तेच झालं. दिवाळीला कोपरा, संक्रांतीला निम्मं, होळीला पूर्ण. पाण्याचा एक डोळासुद्धा उघडा राहिला नाही. सरपंचाचा कोंबडा या काठावरून त्या काठावर चालत गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून राहिला. वरून बघावं तर हिरवागार गालिचा. खालून पाणी काळं झालेलं, कुजक्या अंड्यासारखा वास. मासे जाळ्यात यायचे बंद झाले, मग काठाशी तोंडं उघडी टाकून मेलेले सापडले. पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी असते ती जाळी मुळांनी गच्च व्हायची. हरभऱ्याला एक पाणी द्यायला आम्ही चार वेळा तळ्यात उतरायचो. आणि मच्छर! आमच्याकडे त्या साली कोणी एकटं झोपलंच नाही.

अर्ज केला. एक साहेब आले, बांधावर उभे राहिले, तळ्याचा फोटो काढला. फोटो इतका सुरेख आला की गावातल्या दोघांनी स्थळाला पाठवायचे फोटो त्याच जागेवर उभं राहून काढून घेतले. साहेब म्हणाले, "प्रस्ताव पाठवतो." प्रस्ताव गेला तो गेला. गावाला मात्र उत्तर सापडलं. कोणालाही विचारा, "सरकार काढीन."

म्हणून मी इरजिक ठेवलं. एखाद्याचं शेत मागे पडलं की सगळं गाव आपापले बैल, आपापले हात घेऊन येतं, मजुरी कोणी घेत नाही, फक्त शेतवाला पोटभर जेवू घालतो, त्याला आमच्याकडे इरजिक म्हणतात. मी म्हटलं, तळ्याचं इरजिक करू. रोडगे आणि वांग्याची भाजी माझ्याकडे. पूर्ण गावाला घरोघरी सांगून आलो. आले तिघं. एक मी, एक माझी बायको, आणि एक बहिरा म्हातारा, ज्याला फक्त रोडग्यांचं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पारावर मी तोंड सोडलं. तर एक जण शांतपणे म्हणाला, "तलाव काय तुह्या बापाचा हाय? मंग इरजिक तू कायले देतं बे?"

त्याला मी तेव्हाच मनात लिहून ठेवलं.

वैशाखात ते झालं. दुपारी मी गोठ्यात खाटेवर पडलो होतो. म्हैस सकाळपासून दाव्याला हिसके देत होती. जाग आली तेव्हा दावं तुटलेलं. मी धावलो. बांधावर चढलो तर तळ्यावर ती कुठेच नाही, नुसतं हिरवं. मग बाभळीच्या खोडाच्या अलीकडे तो गालिचा एका जागी वरखाली होताना दिसला. तिला रस्ता पाठ होता. तिला माहीत होतं की खाली पाणी आहे. वर काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती हिरवं फोडून आत गेली आणि हिरवं तिच्या पाठीवर पुन्हा मिटलं. दिसत होत्या फक्त दोन नाकपुड्या, आणि त्यांच्यातून असा आवाज येत होता की मी आजही कोणाला करून दाखवत नाही.

मी उडी मारली. मी या तळ्यात लहानाचा मोठा झालेला माणूस. त्या दिवशी वीस हातांवर मला मरण दिसलं. मुळं पायांना गुंडाळतात, सोडवायला हात घातला की हाताला गुंडाळतात. पोहायला पाणीच नव्हतं. बायकोने काठावरून बोंब ठोकली तेव्हा गाव आलं. ट्रॅक्टरच्या चाकाच्या हवा भरलेल्या ट्यूबा पोटाशी धरून चार गडी आत शिरले, म्हशीच्या शिंगांमागून जाड नाडा टाकला, दुसरं टोक ट्रॅक्टरला. ती बाहेर आली तेव्हा निम्मं तळं अंगावर घेऊन आली. काठावर कोसळली आणि दिवस कलेपर्यंत उठली नाही. तिच्या शिंगात एक जांभळं फूल अडकलं होतं, नवरीसारखं. मी ते काढलं, दाताने चावलं आणि थुंकलं. गावासमोर म्हणालो, "इले ज्यानं आनलं, त्याले मी सोडत नाई."

म्हैस वाचली, पण त्या दिवसापासून ती पाण्याकडे बघेना. बांधाच्या चढाला लागली की मागे वळायची. मी हापशावरून बादल्या आणून तिच्या पाठीवर ओतायचो. ती माझ्याकडे अशी बघायची, जशी एखाद्या सोयऱ्याला पंगतीत बसवून फक्त मीठ वाढलंय. दूध आटत आटत एका तांब्यावर आलं. मेडशीच्या बाजारातला एक व्यापारी दोनदा येऊन गोठ्यात डोकावून गेला. बायकोने त्याला बाहेरच चहा दिला आणि मला आत येऊन म्हणाली, "पोयापर्यंत पाहू. तवर तलावाचं पानी दिसलं तं ठेवू. नाई तं देऊन टाकू. तिचे हाल मले नाई पाहावत."

पोळ्याला साडेतीन महिने होते.

आता ज्याने आणलं तो कोण, हे मला लवकरच कळलं, आणि तेही आमरस खाताना. ज्येष्ठात बायको माहेरी गेली होती, मी तिला आणायला गेलो. सासुरवाडी आमच्याच नाल्यावर, तीन कोस वर. त्यांचंही तळं आहे. गावात शिरताना पाहिलं तर आरशासारखं लख्ख, आणि त्यात सात म्हशी आरामात डुंबत. मला त्या सातही म्हशींचा राग आला.

ताटावर बसल्यावर मी सहज विचारलं, "साळेबुवा, तुमचा तलाव लय साफ दिसून राह्यला?"

मोठा साला खुलला. "मंग! गेल्या साली पाहाचा होता जवाईबुवा. थे जांभळ्या फुलाचं काय तं आलं होतं. हिरवा कच्च झाल्ता तलाव."

"मंग काय औषध टाकलं?"

"औषध कायचं? करीच्या दिवशी काढली."

आमच्या भागात पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळीच ते मेढे उपटून वाजतगाजत नेतात आणि गावाच्या शिवेपलीकडे फेकतात, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत. रोगराई, माशा, मच्छर, जे काही वाईट असेल ते त्या फांद्यांबरोबर शिवेबाहेर गेलं. शिवेबाहेर गेलं की संपलं.

"मेढे फेकाले साराच गाव निंगाला होता," साला सांगत होता. "म्या म्हटलं, हे बी पीडाच हाय ना? सांडव्याले छातीभर जोर होता पान्याचा. चाळीस गडी बांबू घेऊन उतरले. दे ढकलून! मारबतीच्या नावानं सारी सांडव्यावरून खाली. दिवस मावयेपर्यंत तलाव मोकळा!"

"अन् थे गेली कुठी?"

"गेली खाली." त्याने माझ्या वाटीत आणखी एक पळी रस ओतला. "पीडा कुठी जाते हे कोनी पाहाले जाते का जवाईबुवा?"

खाली म्हणजे मी.

ती वाटी मी तशीच ताटात उपडी केली. केशरी रस भाताच्या, पापडाच्या, सगळ्याच्या खालून वाहत पाटापर्यंत गेला. कोणालाच काही कळेना. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, तिला कळलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीतून नाला बघत बसली. मी मात्र पूर्ण रस्ता साल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, पुढच्या सीटवरचा माणूस कंटाळून उभा राहिला. फाट्यावर उतरल्यावर तिने पिशवी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "भाऊ हाय थो माहा." मग बऱ्याच वेळाने, अर्धा रस्ता चालून झाल्यावर, "पन म्हैस बी माहीच हाय."

तेवढी परवानगी मला पुरे होती.

पारावर जाऊन मी गोष्ट सांगितली. जशी ऐकली तशी सांगितली असती तर लोक म्हणाले असते, बरं मग? म्हणून मी तिला जरा कपडे घातले. मी म्हटलं, त्यांनी जलपर्णी सोडताना नारळ फोडला. बँड लावला. मारबतीला आपल्या गावाचं नाव घेऊन पत्ता सांगितला. आणि साला वर म्हणाला की खालच्या लोकाइले काय, थे गाळातच बरे दिसतात.

मग एकेकाच्या पोटातलं बाहेर यायला लागलं.

"थ्या गावानं माह्या आत्याच्या लग्नात वरनात मीठच नोतं टाकलं!"

"कबड्डीच्या फायनलले पंच त्याइचाच होता. माहा पाय रेषेच्या आत होता, मी आजबी दाखवतो, या!"

"माहा आंधळा बैल बी तिकडूनच आला होता," असं तो बैल विकणारा म्हणाला, ज्याने तो मला विकला होता. मी गप्प बसलो. सुडाच्या कामात हात जितके येतील तितके कमीच.

आणि तो, ज्याने तलावावरून माझा बाप काढला होता, तो उठून उभा राहिला. "इरजिक कवा हाय? म्या येतो. पन काढलेली सारी त्याइच्या तलावात टाकाची. एक पान बी इथी ठेवाचं नाई."

साफसफाईसाठी तीन माणसं आली होती. सुडासाठी एकशे साठ घरांचं गाव झाडून आलं. पुण्याकडे कामाला गेलेले दोघं निरोप ऐकून सुट्टी टाकून आले. ज्या दोन भावांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं ते एका दोराच्या दोन टोकांना लागले.

पोळ्याच्या आधीचा आठवडा. सोयाबीन शेंगा भरत उभं, फवारणी झालेली, हाताला काम नाही. ट्यूबांवर बसून गडी आत जायचे आणि विळ्यांनी तो गालिचा खोलीएवढ्या तुकड्यांत कापायचे. तुकड्याभोवती नाडा फिरवला की काठावरून वीस जण ओढायचे. काठाशी आलेलं बाया दाताळ्यांनी वर काढायच्या. ओढताना आरोळी म्हणून सगळे साल्याच्या गावाचं नाव घ्यायचे. काठाला गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत पडलेले, आणि माझी बायको वांग्याच्या भाजीत तिखट टाकताना मोजत नव्हती. पहिल्या दिवशी एक चूक झाली. काढलेला ढीग आम्ही काठालाच लावला, आणि सायंकाळच्या पावसात तो घसरून पुन्हा तळ्यात गेला. पाण्यात जाऊन तो पसरला तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं, ती हसली. दुसऱ्या दिवसापासून एकेक झाड बांधाच्या पलीकडे नेऊन टाकायचं ठरलं.

चौथ्या दिवशी दुपारी बाभळीच्या खोडाशी पाणी दिसलं. खाटेएवढं. ओढणारे थांबले. त्यात आभाळ पडलं होतं, एक ढग हलत होता. होळीपासून आमच्या तळ्याने ढग पाहिला नव्हता. बहिरा म्हातारा काठावर उकिडवा बसून बघत राहिला. मग कोणीतरी पुन्हा साल्याच्या गावाचं नाव घेतलं आणि नाडा ताणला गेला.

पोळ्यापर्यंत निम्म्याहून जास्त तळं मोकळं झालं. बांधापलीकडे पाच ट्रॉल्या भरतील एवढं पाणी निथळलेलं हिरवं सैन्य कैदेत पडलं होतं.

करीच्या सकाळी पाच ट्रॅक्टर निघाले. प्रत्येक ट्रॉलीवर जलपर्णीचा डोंगर, डोंगरावर आमच्या दारचे पळसाचे मेढे खोचलेले, आणि त्यावर जेवढी माणसं मावतील तेवढी. मी पहिल्या ट्रॅक्टरवर, ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डवर. निघणार तेवढ्यात बायको आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कपाळाला कुंकू.

मी म्हटलं, "तू कायले?"

"माहेरी जाऊन राह्यली," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कशी जाऊ?" आणि दुसऱ्या मडगार्डवर चढून बसली.

तीन कोसांत मी मनातल्या मनात त्या पाच ट्रॉल्या शंभर वेळा ओतल्या. त्या सात म्हशींच्या अंगावर ओतल्या, साल्याच्या अंगणात ओतल्या. इतकं सुख मला माझ्या लग्नाच्या वरातीतही झालं नव्हतं, आणि रस्ता तोच होता.

त्यांच्या शिवेवर पोहोचलो तेव्हा त्यांचं गाव नुकतेच मेढे फेकून वळत होतं. पाठमोरी माणसं, हलगी वाजत असलेली. ट्रॅक्टरच्या आवाजाने एका म्हातारीने मागे पाहिलं. पाच ट्रॉल्या हिरव्या, वर पळस, गावाच्या दिशेने. तिच्या हातातला हळदीकुंकवाचा करंडा पडला.

"अवं माय! फिरली वं! पीडा वापस फिरली!"

हलगी थांबली. बाप्ये लोक रस्त्यात आडवे उभे राहिले, कोणाच्या हातात दगड नव्हता, काठी नव्हती. सगळ्यांचे चेहरे पांढरे. बाहेर काढलेली पीडा करीच्याच दिवशी शिवेवर परत आली, असं त्यांच्या आज्यापणज्यांनीही ऐकलं नव्हतं. मोठा साला पुढे आला आणि त्याने हात जोडले. माझ्यापुढे! त्याने लग्नात माझे पाय धुतले होते तेव्हाही पाणी जरा दुरूनच ओतलं होतं.

"जवाईबुवा, भांडा, शिव्या द्या, पन शीव नोका ओलांडू."

"काहून?" मी वरूनच म्हटलं. "तुमचीच हाय. नारळ फोडून धाडली होती ना?"

"नारळ कोनं फोडला?" तो गोंधळला. मी खोकलो. "आमी काय पेरली होती का बापा? आमच्याकडे वरच्या गावानं सोडली. त्याइनं ढकलली, आमी ढकलली. पीडा म्हनून ढकलली. पुढं कोन हाय हे ध्यानातच नाई आलं."

"पुढं तुह्या बहिनीचा गोठा हाय!"

मागून आमचं गाव ओरडायला लागलं, "ओता! ओता!" ड्रायव्हरने गिअर टाकला. मी हात वर केला. खाली केला की ओतायचं ठरलं होतं. आणि माझी बायको मडगार्डवरून उतरली. पदर खोचला, भावासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. भाकरी मागावी तसं बोलली.

"दादा, वगार तुनंच देल्ली होती मले. आता तिच्या लेकीले पानी बी तूच दे."

साल्याने तिच्याकडे पाहिलं, मग ट्रॉल्यांकडे, मग त्याने डोक्याची टोपी काढली आणि टोपीनेच तोंड पुसलं.

"किती राह्यलं हाय?" त्याने विचारलं.

"निम्म्याले कमी."

"उद्या येतो."

माझा हात वरच राहिला. खरं सांगतो, आजही तो अर्धा वरच आहे. पाच ट्रॉल्या आम्ही दोन्ही गावांनी मिळून, नाल्यापासून लांब असलेल्या एका जुन्या मुरमाच्या खदानीत ओतल्या, आणि उन्हात वाळू दिल्या. तिथे ती जलपर्णी महिनाभर तडफडली. मी दोनदा मुद्दाम बघायला गेलो आणि सोबत डबा नेला.

दुसऱ्या दिवशी साला आला, चाळीस गडी आणि चाळीस बांबू घेऊन. आमचं गाव त्यांच्याकडे बघून जोरात ओढायचं, त्यांचं गाव आमच्याकडे बघून. "तुमच्यात दम हाय का बे?" "तुमच्या बांबूत किडे पडले का?" चार दिवसांचं काम अडीच दिवसांत झालं. सांडव्याला लोखंडी जाळी लागली, नाल्याच्या तोंडालाही.

मग म्हैस. साल्याने स्वतः दावं धरून तिला बांधावर आणलं. ती चढावर थांबली आणि मागे वळली. तीनदा. व्यापारी, कसं कोण जाणे, त्याच दिवशी पुन्हा गावात आला होता आणि बांधाखाली उभा होता. मी सदरा काढला आणि पाण्यात शिरलो. बाभळीच्या खोडापर्यंत गेलो, तिथे तिच्यासारखा बसलो, नाकापर्यंत बुडालो, आणि तिच्यासारखा हंबरलो. दोन गावं काठावर पोट धरून हसत होती. साला म्हणाला, "बाई वं, तुह्या नवऱ्याले गोठ्यातच बांध आता."

म्हैस हसली नाही. तिने कान पुढे केले. एक खूर पाण्यात टाकला, काढला, पुन्हा टाकला. मग दुसरा. पोटापर्यंत आल्यावर तिने मान खाली घातली, पाण्यात फुंकर मारली, आणि सगळं अंग एकदम सोडून दिलं. लाट माझ्या नाकातोंडात गेली. पलीकडच्या काठावरून आवाज आला, "उतरली वं माय ती!" बायको काठावर बसून राहिली, तिने तोंड दुसरीकडे केलं होतं. व्यापाऱ्याला चहा न पिताच जावं लागलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या साली दोन्ही गावांत फार प्रेम झालं. सोयरिकी जुळल्या, कबड्डीचा पंच तिसऱ्या गावाचा आणला, वरणात मीठ बरोबर पडलं. आणि जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं दम धरून असतं. नाल्याच्या तोंडाशी झुपके दिसायला लागले. मी इरजिक सांगितलं, घरोघरी गेलो. आले तिघं. मी, बायको, आणि बहिरा म्हातारा.

तेव्हा मला कळलं की माझ्या म्हशीचं पाणी कशावर टिकून आहे.

मी पारावर जाऊन सांगितलं, "साळेबुवा म्हनत होता, आमी नसतो आलो तं याइच्या तलावाचं गटार झालं असतं." आणि एसटीने वर जाऊन साल्याच्या गावात सांगितलं, "आमचे लोक म्हनतात, तुमचे चाळीस गडी फक्त रोडगे खायले आले होते." पोळ्याच्या आधी दोन्हीकडून ट्यूबा, विळे, नाडे घेऊन माणसं उतरली. तेव्हापासून दर साली मी एक ताजं भांडण काढतो. जुनं चालत नाही, शिळ्या रागाने नाडा ओढला जात नाही. आणि सांडव्याला जाळी लागण्याआधी आमच्याकडून खालच्या गावाला किती गेली, हे मला विचारू नका. तिकडे माझी सोयरीक नाही.

यंदाचा पोळा जवळ आलाय. काल मी ओट्यावर विचार करत बसलो होतो तर बायको सुपात धान्य पाखडता पाखडता म्हणाली, "यंदा काय काढता भांडन?"

"तुहा भाऊ म्हनाला, खालच्याइची म्हैस आता म्हातारी झाली, तिले तलाव कायले पाहिजे."

तिने सूप मांडीवर ठेवलं. "इतक्यानं नाई होनार," ती म्हणाली. "असं सांगा का त्यानं तिच्या दुधाले पानी म्हटलं."

आज सकाळी बाभळीच्या खोडाशी एक झुपका सापडला, मुळाला बोटभर दाढी. तो मी गोठ्याच्या दारावर खिळ्याला उलटा टांगलाय. उन्हात हळूहळू काळा पडतोय. म्हैस येता-जाता त्याच्याकडे बघते आणि पाण्याला निघून जाते. मी मात्र खाट तिथेच टाकली आहे.